साक्षी आंब्याखालचं भरीत

नाना, तुमचा फ्लेक्स सात नंबरच्या निंबावर ठोकला होता. चार इंची खिळा, आणि तोही बरोबर तिथं, जिथं आपण दरवर्षी चौकट धरायचो. फोटो निवृत्तीच्या दिवशीचा आहे. गळ्यात हार, डोक्यावर फेटा, आणि यातून सुटका कधी होणार असा चेहरा. वर 'पर्यावरणमहर्षी' असं लिहिलंय. खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो आहेत. श्रद्धांजलीलाही शुभेच्छुक असतात, हे मला त्या फ्लेक्सवरून कळलं.

दशक्रियेला तीन भाषणं झाली. एका पुढाऱ्याने तुम्हाला 'वृक्षांचे पालनकर्ते' म्हटलं. मी काकूंकडे पाहिलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावलेला. लोकांना वाटलं, त्यांना हुंदका आला. त्या हसत होत्या, नाना. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून तुम्ही जन्मभर तारांखालच्या फांद्या छाटल्या आणि त्याचा कधी आडपडदा ठेवला नाहीत. "तालुकामा मना इतल्या फांद्या कोनी तोड्यात नही," हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत. त्यात पश्चात्तापही नव्हता आणि बढाईही नव्हती. मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलंत.

फ्लेक्सचा खिळा मी काल उपटला. शुभेच्छुकांपैकी कोणी विचारलं तर तुमचं नाव सांगणार आहे.

आपली ओळख वाचनालयात झाली. निवृत्तीनंतर तुम्ही रोज सकाळी पेपर वाचायला यायचात आणि सगळे पेपर वाचून झाले की सगळेच खोटं लिहितात असं म्हणून उठायचात. एका दुपारी मी ग्रँटच्या गठ्ठ्यातून आलेली पुस्तकं नोंदवत होते. नेहमीप्रमाणे निम्मी कोणी मागणार नाही अशी. त्यात झाडापेडांवरून हवा कशी ओळखावी, अशी एक पातळ पुस्तिका निघाली. तुम्ही म्हणालात, बाई, वाचून दाखवा, माझा चष्मा घरी आहे. चष्मा तुमच्या खिशात होता, मला दिसत होता. पण मी वाचलं.

त्यात दगडफुलाबद्दल होतं. मसाल्यातलं दगडफूल आपल्याला माहीत असतं. त्याचेच भाऊबंद आपल्या निंबांवर, आंब्यांवर करड्या-हिरव्या डागांसारखे असतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि मलाही. गावात त्याला झाडाचं कोड म्हणतात. पुस्तिका सांगत होती की हा रोग नाही. बुरशी आणि शेवाळ मिळून केलेला हा संसार आहे. त्याला मुळं नसतात, झाडाचं तो काही खात नाही, पाणी आणि खाद्य थेट हवेतून घेतो. म्हणून हवा बिघडली की सगळ्यांच्या आधी तो मरतो.

तुम्ही म्हणालात, "म्हंजे थेट आकडा टाकेल शे. मीटर नही."

वीजचोरांच्या मागे जन्म घालवलेल्या माणसानं केलेली ही दगडफुलाची व्याख्या. मी त्या विषयावर नंतर बरंच वाचलं, पण याहून नेमकं वाक्य मला कुठं सापडलं नाही. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते रोज ऐकवलं असतंत.

तेव्हा दोंडाईचा रस्त्यावर डांबराचा प्लांट नुकताच सुरू झाला होता. धूर दिसायचा, वास यायचा, काकूंची शेळी त्या बाजूच्या निंबाचा पाला तोंडात धरून पुन्हा टाकून द्यायची. पाण्याच्या टाकीखालचं आग्या मोहोळ उठून गेलं होतं. ग्रामपंचायतीनं तक्रार केली, तर उत्तर आलं की तपासणीत प्रमाण मर्यादेत आढळलं. तपासणीच्या दिवशी प्लांट बंद होता. तुम्ही म्हणालात, तपासणीचं यंत्र एक दिवस येतं, झाड बाराही महिने उभं असतं, आपण झाडालाच विचारू.

मला वाटलं, निवृत्त माणसाचं खूळ आहे, दोन महिन्यांत उतरेल. नऊ वर्षं झाली, नाना.

जळगावच्या एका प्राध्यापकांनी आपल्याला पद्धत शिकवली. शिकवली म्हणजे ते उद्घाटनाला आले, सत्कार घेतला, नारळ घेतला आणि गाडीत बसता बसता एका कागदावर चौकट काढून दिली. तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेची चौकट वळून आणलीत. आत आडव्या-उभ्या बारीक तारा, शंभर चौकोन. छातीच्या उंचीला, ऑइलपेंटच्या ठिपक्याला वरची कड लावून ती खोडावर धरायची. किती चौकोनांत दगडफूल दिसतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. तुम्ही धरायचं, मी मोजायचं. दुसऱ्यांदा मी धरायचं, तुम्ही मोजायचं. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर काकूंनी मोजायचं आणि त्यांचा आकडा अंतिम.

प्लांटच्या पूर्वेला रस्त्याकडेचे अकरा निंब घेतले, कारण वर्षातले बहुतेक महिने वारा पश्चिमेकडून येतो आणि धूर तिकडे जातो. पश्चिमेला, प्लांटपासून लांब, तुमच्या शेतातला विहिरीजवळचा जुना आंबा घेतला. धूर जिथं पोचत नाही तिथलं दगडफूल कसं आहे, हे दाखवायला एक झाड लागतं. तुम्ही त्याला साक्षी आंबा म्हणायचात.

मोजणी चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी. हा मुहूर्त शास्त्रानं सांगितलेला नव्हता, वांग्यांनी सांगितला होता. काकूंचं माहेर यावलकडचं. तिकडून त्या दिवसांत हिरवी, हातभर वांगी एस.टी.नं यायची. मोजणी आंब्यापाशी संपायची आणि तिथंच, खोडाच्या आडोशाला, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून आपण वांगी भाजायचो. लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी. मोजणीला दोन माणसं असायची आणि भरिताला पंधरा. तुम्ही म्हणायचात, विज्ञानाचा प्रसार असाच होतो.

तिसऱ्या वर्षी एका मंत्र्याचा दौरा ठरला. आदल्या दिवशी बांधकाम खात्यानं रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले. आपले चार निंब त्यात गेले. सगळे चौकोन पांढरे आणि तांबडे. मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं गेले. मी संतापून एक लेख लिहायला बसले. तुम्ही वहीत फक्त लिहिलंत: 'दोन, तीन, पाच, आठ नंबर. दगडफूल नाही. कारण: मंत्री.' माझा लेख कोणी छापला नाही. तुमची ओळ मात्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात राहिली.

वर्षामागून वर्ष प्लांटच्या बाजूचे आकडे उतरत गेले. आपण खूश होत होतो, असं म्हणायला लाज वाटते, पण होत होतो. आपलं म्हणणं खरं ठरत होतं ना. मग चौथ्या वर्षी साक्षी आंब्याचाही आकडा उतरला. पाचव्या वर्षी आणखी. तुम्ही चिडचिडे झालात. वारा बदलला का, विहिरीचं पाणी आटल्यामुळं का, की आपलं सगळंच चुकतंय? आंब्यावरचं दगडफूल धुराविना मरत असेल, तर निंबावरचं प्लांटमुळं मेलं असं कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, इंटरेस्टिंग आहे, आणि बैठकीत आहे म्हणून फोन ठेवला.

त्याच दिवशी तुम्ही आंब्याखाली बसून वांग्याची करपलेली साल काढत होतात. काढता काढता हात थांबला. तुम्ही जाळाकडे पाहिलंत, मग वर. धूर खोडाच्या पूर्वेच्या अंगानं, अगदी सालीला लागून, सरळ चढत होता. आपला ऑइलपेंटचा ठिपका त्याच अंगावर होता. तुम्ही उठलात, खोडाला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेलात आणि बराच वेळ आलाच नाहीत. परत येऊन भाकरी खाल्लीत. हात धुतल्यावर म्हणालात, "बाई, हाऊ खूनी आपलामाच शे."

पश्चिमेच्या अंगावर दगडफूल जसंच्या तसं होतं, दाट, करडं-हिरवं. आपण मोजत होतो ती बाजू आपणच दरवर्षी धुरी देऊन मारली होती. हवेचा साक्षीदार म्हणून जे झाड नेमलं, त्याच्याच पायाशी बसून.

काकू म्हणाल्या, "आता काय माझ्या माहेरच्या वांग्यांवर केस करता का?"

सगळे हसले. तुम्ही वही उघडलीत आणि भरिताच्या हातानंच लिहिलंत. त्या पानावर तेलाचा अंगठा अजून आहे. 'साक्षी आंबा. पूर्व बाजू. दगडफूल कमी. कारण: आमचं भरीत. पाच वर्षं.' त्या वर्षापासून जाळ विहिरीपलीकडच्या खळ्यावर गेला. तुम्ही पश्चिम बाजूला नवा ठिपका काढलात, पण पूर्वेची मोजणी सोडली नाहीत. शून्य आलं तरी शून्य लिहायचात.

या पानावरून आपलं जे भांडण झालं, ते मिटलं नाही. तुम्ही मिटायच्या आधीच निघून गेलात, ही तुमची जुनी सवय.

यंदा दिवाळीनंतर कळलं, की दुसरा प्लांट येतोय. शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून जागा घेतलीय. हरकती मागवल्या होत्या. गावाकडं हरकतीपेक्षा शिव्या जास्त होत्या. पुरावा म्हणावा असं एकच होतं, ती म्हणजे आपली वही. तुम्ही म्हणालात, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, स्वच्छ प्रत काढा आणि हरकतीला जोडा.

मी भरिताच्या पानापाशी थांबले. म्हटलं, नाना, हे पान राहू द्या. त्यांचा वकील बाकी काही वाचणार नाही, हेच पान वर धरेल. म्हणेल, वांगी भाजून झाड मारणाऱ्यांनी आमच्या धुराला नावं ठेवू नयेत.

"म्हनू दे," तुम्ही म्हणालात. "चोरी आपली शे, मंग पंचनामा बी आपलाच."

मी म्हटलं, हा पंचनामा नाही, शाळेतल्या पोरांच्या छातीचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात, लाइनमन दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडायला निघाला आणि स्वतःच्या घरचा आकडा झाकून ठेवला, तर लोक त्याचं का ऐकतील? तेव्हा मी जे बोलले ते मला आता रोज ऐकू येतं. मी म्हणाले, "खरेपणा हा तुमचा शौक आहे, नाना. धूर गावाला खावा लागतो."

वाचनालयाच्या मागचा नळ गळत होता, तो तुम्ही उठून घट्ट बंद केलात आणि घरी गेलात.

मी प्रत काढली. पानं उतरवत त्या पानापाशी आले आणि पुढचं पान घेतलं. इतकंच केलं. काही खोडलं नाही, काही बदललं नाही. एक पान उलटायच्या ऐवजी दोन उलटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषणातला पोकळपणा दाखवत आले, वाचनालयात बसून मोठमोठ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एवढ्या सफाईनं खोटं बोलता येतं हे बघून थोडं आश्चर्यच वाटलं.

तुम्ही सही करायला आलात. प्रत हातात घेतलीत, पानं चाळलीत. "बठ्ठं उतारं ना, बाई?"

मी म्हटलं, हो, सगळं उतरवलं.

तुम्ही आणखी चार पानं चाळलीत. पुन्हा म्हणालात, "बठ्ठं?"

मी म्हटलं, हो म्हटलं ना नाना.

तुम्ही सही केलीत. पूर्ण नाव, खाली 'सेवानिवृत्त लाइनमन'. चष्मा तुमच्या खिशात होता. पहिल्या दिवशी होता तसाच, काडी बाहेर डोकावत. तो तुम्ही काढला नाहीत. न वाचता तुम्ही विजेचं बिलसुद्धा घेत नव्हतात. मग ही प्रत का नाही वाचलीत? विश्वास ठेवलात, की समजलं आणि मला तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली? आठ दिवसांनी सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा तुम्ही खाटेवर गार झालेले होतात. तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे आहे आणि त्याला उत्तर देणारं कोणी नाही.

तुमचं तेरावं झालं आणि चार दिवसांनी चंपाषष्ठीनंतरचा रविवार आला. मला वाटलं होतं, यंदा मोजणी नाही. सकाळी काकू चौकट घेऊन वाचनालयाच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "चला बाई. ते नाहीत म्हणून झाडं थांबणार आहेत का?"

निघण्याआधी मी कपाटातून मूळ वही काढली आणि पिशवीत घातली. सुनावणीला हीच न्यायची, स्वच्छ प्रत नाही, हे तेव्हाच ठरवलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते वाचून कोणालाही वाटेल की मला ते दिसल्यावर शहाणपण सुचलं. उद्या मला स्वतःलाही तसं वाटायला लागेल. क्रम असा आहे: आधी वही पिशवीत, मग आंबा.

निंबांचे आकडे गेल्या वर्षीपेक्षा वाईट. सातव्यावर फ्लेक्स होता म्हणून तो सोडला आणि तुमच्या पद्धतीनं नोंदवला: 'सात नंबर. मोजता आलं नाही. कारण: श्रद्धांजली.' तुम्हाला आवडली असती.

मग आंबा. पश्चिम बाजू भरलेली. काकूंनी चौकट पूर्वेला धरली, आणि मी शून्य लिहायला पेन टेकवलाच होता. सवयीनं एकदा वाकून खालची रांग पाहिली. साल अजून काळपटच होती. पण कोपऱ्यातल्या दोन चौकोनांत काहीतरी होतं. वाचनालयातलं भिंग पिशवीत होतं, ते लावलं. मोहरीएवढे करडे-हिरवे ठिपके, एकात तीन, दुसऱ्यात एक.

काकूंनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, दगडफूल परत येतंय. नियमाप्रमाणे मी चौकट धरली आणि त्यांनी भिंगातून पाहिलं. त्यांचाही आकडा तोच आला. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण धूर बंद केला ते त्याला कळलं."

चार वर्षं, नाना. आपण जाळ खळ्यावर नेला त्याला चार वर्षं झाली. मी मातीतच बसले. धुरानं दगडफूल मरतं हे आपली बाकीची सगळी वही सांगते. त्यावर ते लोक म्हणतील, ऊन वाढलं, पाऊस कमी झाला, झाडं म्हातारी झाली. धूर थांबवला तर ते परत येतं, हे सांगणारं एकच झाड आपल्याकडं आहे. त्याच उन्हात, त्याच पावसात उभं असलेलं एकच म्हातारं झाड. आणि त्याची गोष्ट सुरू होते ती भरिताच्या पानावर. ते पान काढलं, तर हे चार ठिपके म्हणजे आंब्याच्या सालीवरचा मळ.

आपली लाज म्हणून जे मी गाळलं, तोच आपला सगळ्यात बळकट पुरावा होता. तुम्हाला हे माहीत होतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही फ्लेक्सवाल्यांतलीच. तुम्हाला ठिपके येणार हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला फक्त जे दिसलं ते लिहायचं होतं, आणि पूर्वेची बाजू शून्य असतानाही मोजत राहायचं होतं. मी इतकी पुस्तकं वाचली, त्यात हे कुठंतरी असणारच. मला ते तुमच्या तेलाच्या अंगठ्यापर्यंत पोचल्याशिवाय कळलं नाही.

परवा सुनावणी आहे, तालुक्याला, अकरा वाजता. मी सुरुवात त्याच पानापासून करणार आहे. आधी सांगणार, की जोडलेल्या प्रतीत एक पान कमी आहे आणि ते मी गाळलं. लोक हसतील. वकील उभा राहील, वांग्यांवर विनोद करेल, साहेबही हसतील. हसू द्यायचं. हसून झालं की चौकट टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, चला, आंबा इथून अर्ध्या तासावर आहे, भिंगही आहे, स्वतः मोजा. आज नाही आलात तर पुढच्या चंपाषष्ठीला या. आम्ही तेव्हाही मोजत असू. हुकूम त्यांच्या बाजूनं लागला तरी मोजणार. दुसरा प्लांट आला तर शाळेच्या आवारातल्या निंबावरही नवे ठिपके काढणार. ऑइलपेंटचा डबा काकूंनी आजच माळ्यावरून काढलाय.

काकू बरोबर येणार आहेत. नऊ वर्षं आकडा न जुळल्यावर अंतिम शब्द त्यांचाच होता, तेव्हा साक्षीलाही त्याच. विचारत होत्या, पुरावा म्हणून दोन वांगी नेऊ का. मी नको म्हटलं. त्या नेतील असं दिसतंय.

काल संध्याकाळी वहीत यंदाची नोंद केली. तुमच्या अक्षराखाली माझं अक्षर फार नीटनेटकं दिसतं, म्हणून थोडं घाईनं लिहिलं. 'साक्षी आंबा. पूर्व बाजू. खालच्या रांगेत दोन चौकोनांत दगडफूल परत. कारण: धूर बंद, चार वर्षं.' खाली काकूंनी सही केली. त्यानंतर एक ओळ सोडून मी आणखी एक नोंद केली. 'स्वच्छ प्रत. एक पान कमी. कारण: बाईंची भीती.'

आता बठ्ठं उतारं, नाना.